दयानंद भावजींचं पाणी

माझे धाकटे दीर घरी बिअर करायचे, हे मी आमच्या भजनी मंडळात कधी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची असं नाही, पण एकदा सांगितलं की समजावत बसावं लागतं, आणि समजावायला लागलं की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मात्र त्यांच्याबद्दल लिहायचं तर हे वगळून लिहिता येणार नाही.

बेंगळुरात यशवंतपूरला मार्केटच्या मागच्या बाजूला आमची इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, एक दयानंद भावजींचं. दोघे भाऊ मिरजेहून एकामागोमाग इथल्या सरकारी कारखान्यात लागले. आमच्या घरचे हे हिशेबखात्यात, आणि भावजी बॉयलरच्या पाण्यावर. बॉयलरला जड पाणी गेलं की आत चुन्याचे थर धरतात आणि नळ्या फुटतात. म्हणून रोज पाणी तपासायचं आणि त्याला औषध घालायचं. सगळी नोकरी त्यांची त्यातच गेली. तिथं त्यांच्या नाकाची ख्याती होती. झाकण उघडलं की वासावरून सांगायचे, यात काय जास्त झालंय. घरीही तेच. जिना चढतानाच म्हणायचे, "वहिनी, आज आमटीत चिंच नाही, आमसूल आहे." आणि ते खरं असायचं.

रिटायर झाल्यावर हा बिअरचा नाद लागला. कुठल्याशा वर्गाला नवरा-बायको दोघंही जाऊन शिकून आली. सुचेता, म्हणजे माझी जाऊ, स्वतः थेंबही घ्यायची नाही, पण हौस तिचीच जास्त. ती म्हणायची, "जन्मभर बॉयलरला पाणी पाजलं, आता मित्रांना पाजतायत." मी एवढंच सांगितलं होतं की एकादशी-चतुर्थीला नको, आणि माझ्या घरात नको. ते दोघांनी कायम पाळलं.

त्यांच्या मागच्या बाल्कनीत दोन मोठी स्टीलची पातेली, एक हातानं फिरवायची चक्की आणि बाटल्यांचे क्रेट असायचे. जवाला मोड आणून वाळवलेलं असतं, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडायचं, गरम पाण्यात तासभर मुरवायचं, आणि जे गोड पाणी उतरेल ते हॉप्स नावाची वाळकी फुलं घालून उकळायचं. मग गार करून यीस्ट घालायचं. एवढं मला कळतं. भावजी माल्टचे चार दाणे तोंडात टाकून चावायचे, फुलं तळहातावर चोळून हुंगायचे. एका फुलाला संत्र्याच्या सालीचा वास, दुसऱ्याला ओल्या गवताचा. गाळून उरलेला चोथा मी खालच्या दूधवाल्याच्या गाईला घालायची. गाईला चालतं त्यात पाप कसलं, अशी मी मनाची समजूत घालत असे.

पण भावजींचा खरा जीव पाण्यात. आमच्या इमारतीत कावेरीचं पाणी येतं, कमी पडलं की बोअरचं. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. भावजी म्हणायचे, तसंच धान्याचंही आहे. जड पाण्यात फिकं माल्ट घातलं तर जास्त उकळलेल्या चहासारखी जीभ आखडते. त्यात भाजलेलं काळं माल्ट घातलं तर ते पाण्याला सांभाळून घेतं. आणि आरओचं पाणी म्हणजे कोरी पाटी, त्यावर आपण लिहू ते उमटतं. चिमूटभर जिप्सम घातलं की फुलांचा कडवटपणा धारदार लागतो. कॅल्शियम क्लोराईड घातलं की धान्याची गोडी भरते. दोन्हींचा मेळ बसवायचा. मी म्हणायची, "म्हणजे मीठमसाल्यासारखंच की." ते म्हणायचे, "वहिनी, तुम्ही लवकर समजता. दादाला अजून समजलं नाही." ह्यांचं त्यावर पेपरातून उत्तर, "मला प्यायचं समजतं, ते पुरे."

दसऱ्याला संध्याकाळी कारखान्यातले दोन मित्र यायचे. देवाप्पा निपाणीकडचा, मोठ्या आवाजाचा. व्यंकोजीराव इथलेच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेले मराठे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, बरं म्हणायला 'सरी', जरा म्हणायला 'स्वल्प', आणि मला ते अक्का म्हणतात. सोनं देऊन झालं की बाटल्या उघडायच्या. भावजी स्वतः कमी प्यायचे, मित्रांची तोंडं बघत बसायचे. देवाप्पानं पहिला घोट घेऊन डोळे मिटले की भावजींचं वर्ष सार्थकी लागायचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही तापानं पडली. सुचेता गेली. भावजी दवाखान्यातून घरी परत आले ते निम्मे होऊन. मी दोन्ही वेळचं ताट त्यांच्यासमोर ठेवायची. समोर असेल ते खायचे, मीठ कमी-जास्त काही बोलायचे नाहीत. मला वाटलं, जोडीदार गेल्यावर कुठल्या अन्नाला चव राहणार? सगळ्यांनाच तसं वाटलं. बाल्कनीतली पातेली पालथी पडून होती.

तीन दसरे असेच कोरडे गेले. गेल्या वर्षी देवाप्पाच पाठीमागे लागला, "मर्दा, किती दिवस बसणार असा? कर की पुन्हा." भावजींनी केली. मित्र आले. देवाप्पानं घोट घेतला, डोळे मिटले नाहीत. "बरी आहे की," म्हणाला, आणि ग्लास निम्मा ठेवून उठला. बायको वाट बघतेय म्हणाला. एरवी देवाप्पाची बायको वाट बघून झोपून जायची. भावजी तो निम्मा ग्लास हातात घेऊन किती तरी वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, पाणी बदललंय."

"कसं?"

"मलाही सपक लागली ती. धान्य तेच, फुलं तीच. बदललं असेल तर पाणीच. या चार वर्षांत इमारतीनं कुठून कुठून पाणी घेतलंय कोण जाणे."

मग वर्षभर तो एकच ध्यास. पुढच्या दसऱ्याला पहिल्यासारखी जमली पाहिजे. जमली नाही तर ते दोघे पुन्हा येणार नाहीत, हे ते बोलून दाखवायचे नाहीत, पण मला दिसत होतं. सुचेता गेल्यावर त्यांच्या दाराची बेल वाजवणारी माणसं तेवढीच उरली होती. ते पाणी तपासायचे, काचेच्या नळीत थेंब मोजून घालायचे. आरओचं पाणी जास्त, मग कावेरीचं जास्त. देवाप्पाचा पुतण्या शहराबाहेर आनेकलला राहतो, त्याच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणवलं. दर खेपेला थोडी करून बघायचे आणि मान हलवायचे. जिप्सम वाढवलं. फुलं दुप्पट झाली. एकदा मला वाटी आणून दिली, "ही नुसती गोड पेज आहे वहिनी, अजून यीस्ट नाही, तुम्हाला चालेल. सांगा, काय कमी आहे?" मी बोटाला लावून चाखली. जवाच्या सातूसारखी गोड होती, छान खमंग. तसं म्हटलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "खमंग कुठं? खमंगपणाच तर येत नाहीये." मला वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

यंदा भाद्रपदातल्या पौर्णिमेला ग्रहण होतं. दसऱ्याला तयार व्हायची तर त्याच सुमारास करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी करायचं ठरवून त्यांनी पातेल्यांत कावेरीचं पाणी भरून ठेवलं. त्यांची रीत अशी की नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं, वर नुसतं मलमल. त्यात क्लोरीन असतो, तो उडून जातो; राहिला तर धान्यात मुरतो आणि मग उकळूनही जात नाही. बाकी सगळ्याला त्यांच्याकडे थेंब आणि कागद होते, क्लोरीनला नव्हते. म्हणायचे, "नाक असताना क्लोरीनला किट कशाला?"

मी म्हटलं, "उद्यापासून पितृपक्ष लागतोय भावजी. आत्ता नका करू हे."

ते म्हणाले, "सुचेताही आता पितरांतच आहे ना? तिला चालायचं."

दुपारनंतर वेध लागले. मी माझ्या घरातलं पिण्याचं पाणी, दूध, दही झाकून वर तुळशीची पानं ठेवली आणि जपाला बसले. त्यांच्या बाल्कनीकडे मी गेले नाही. ते माझं क्षेत्र नव्हे.

त्याच आठवड्यात इमारतीची खालची टाकी धुतली होती आणि सोसायटीच्या माणसानं सढळ हातानं ब्लीचिंग पावडर ओतली होती. ग्रहणाच्या सकाळी तांदूळ धुताना मला वास आला. मी पाणी उकळून गार करून वापरलं. इमारतीतल्या सगळ्या बायकांनी तसंच केलं असणार. ज्याची त्याची कुरकुर जिन्यात चालली होती. भावजींचं पाणी उघडं असतं हे मला माहीत होतं, आणि त्यांचं नाकही.

दसरा आला. मी अळूवड्या तळून घेऊन गेले. ह्यांनी, देवाप्पानं आणि व्यंकोजीरावांनी सोनं दिलं-घेतलं. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी बाटली उघडली.

"यंदा पाणी सापडलंय," ते म्हणाले.

देवाप्पानं ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच थांबला. पुन्हा हुंगला.

"काय रे दया, ह्यात दवाखाना कुठनं आला?"

"म्हणजे?"

"अरे, वॉर्डात फरशी पुसतात बघ, तसा वास मारतोय की रे!"

व्यंकोजीरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "सरी, सरी. स्वल्प नर्सबाईंना बोलवा कुणीतरी. इंजेक्शन बाकी राहिलंय."

दोघे हसले. हेही हसले. भावजी हसले नाहीत. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, मोठा श्वास घेतला. मग दुसरी बाटली उघडली आणि तीही हुंगली.

"कुठं येतोय?" ते म्हणाले. "थट्टा करताय तुम्ही."

"थट्टा कशाची मर्दा? पाच हातांवरून येतोय."

मग भावजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलणार नाही."

आयुष्यात मी असल्या ग्लासाजवळ नाक नेलं नव्हतं. पदर सावरला आणि वाकले. त्या दिवशी तांदळाच्या पाण्याला होता तोच वास, पण कुजल्यासारखा दाट झालेला.

"ब्लीचिंगचा आहे भावजी. टाकी धुतली होती ना."

"पण पाणी मी आदल्या दिवशी भरलं होतं. ते उडून जायला—" आणि ते मध्येच थांबले. "मी झाकलं होतं."

"तुम्ही?"

"ग्रहण होतं ना. सुचेता झाकायची, तुळस ठेवायची. घरात नुसतं उघडं पाणी बघवेना. मीच झाकणं घट्ट लावली, तुमच्या कुंडीतलं पान तोडून वर ठेवलं."

देवाप्पा म्हणाला, "मग काय झालं? सकाळी झाकण काढल्यावर वास मारला असेल की तोंडावर. तुझ्यासारख्या नाकाला—"

त्याचं वाक्य तिथंच अडकलं. आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. भावजींना आमच्या आधी कळलं असावं, कारण ते उठून सरळ समोरच्या दारानं माझ्या स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. मांडणीवरून त्यांनी हिंगाचा डबा काढला. आमचा हिंग असा आहे की डब्याचं झाकण सैल राहिलं तरी देवघरापर्यंत जातो. त्यांनी तो उघडून नाकाला जवळजवळ चिकटवला. पुन्हा. मग झाकण लावून डबा जागच्या जागी ठेवला.

"काही नाही, वहिनी," ते म्हणाले. "काहीच नाही."

मित्र लवकर गेले. जाताना देवाप्पानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दारातली आपट्याची पानं पायाखाली आली.

डॉक्टरनं नाकात नळी घालून बघितलं. म्हणाला, नाकाची नस गेलीय, बहुतेक त्या तापातच. तेव्हा पुष्कळांची गेली, बऱ्याच जणांची परत आली, काहींची नाही. त्यानं विचारलं, "एवढ्या वर्षांत तुम्हाला कळलं कसं नाही?"

भावजी म्हणाले, "तेव्हा कशालाच चव नव्हती. मला वाटलं, असंच असतं."

रिक्षात बसल्यावर ते मला म्हणाले, "वर्षभर मी पाण्याला नावं ठेवली वहिनी. पाण्याचं काही चुकलं नव्हतं." यशवंतपूरचा सिग्नल लागला. मग म्हणाले, "सुचेताच्या साड्या दिल्या ना मी आश्रमाला, वर्षश्राद्ध झाल्यावर. का दिल्या, ठाऊक आहे? कपाट उघडून रोज तोंड खुपसून बघायचो. वाटलं, तिचा वास उडून गेला, आता नुसतं कापड राहिलंय, ठेवून काय करू." रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, आत वळू का पुढून घेऊ असं. मी नुसता हात पुढं दाखवला. त्या साड्यांच्या घड्या मीच घातल्या होत्या. त्यांना सुचेताच्या वाळ्याच्या अत्तराचा आणि तिच्या अंगाचा वास होता. चांगला दाट होता. मी ते त्यांना सांगितलं नाही, अजूनही नाही. विठ्ठलापुढे रोज बसते तेव्हा तेवढं एक मनात येतं.

बाल्कनीतल्या त्या सगळ्या बाटल्या त्यांनी मोरीत ओतल्या. फेस वर येत राहिला. मी म्हटलं, "भावजी, नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही न चाखताच करतो. मीठ, गूळ, सगळं हाताच्या अंदाजानं. वासही घेत नाही मुद्दाम. तरी होतं की नीट. तुमच्या हातालाही सवय आहे."

ते बाटली उपडी धरून उभे होते. "तुमचं बरं आहे वहिनी. तुमच्या देवानं कधी निम्मा ग्लास सोडला नाही."

मला ते लागलं. पण रागानं बोलले नव्हते.

दिवाळी झाल्यावर एक दिवस देवाप्पा आणि व्यंकोजीराव न सांगता आले. देवाप्पाच्या खांद्यावर माल्टची पिशवी. "ऊठ दया," म्हणाला. "तू कर, हुंगायला आम्ही आहोत. तीन नाकं आणलीत."

"तिसरं कुणाचं?"

"वहिनींचं की. सगळ्यात खरं तेच."

भावजी नको नको म्हणत उठले. मी एकादशी नाही ना ते पंचांगात बघून घेतलं आणि गेले. पहिल्यांदाच मी त्या बाल्कनीत कामाला उभी राहिले. पाणी दोन दिवस उघडं ठेवलेलं होतं. मी हुंगून सांगितलं, "स्वच्छ आहे." वाढवलेलं जिप्सम भावजींनी परत पहिल्यासारखं केलं, फुलंही निम्म्यावर आणली. त्यांनी फुलं तळहातावर चोळून हात माझ्यापुढे धरला.

"संत्र्याची साल," मी म्हटलं.

"साल, का आतला गर?"

"साल. थोडी सुकलेली."

"मग बरोबर आहेत."

व्यंकोजीराव म्हणाले, "अक्का, मला तर गवतच वाटतंय." देवाप्पा म्हणाला, "तुझं नाक तंबाखूनं मेलंय, तू गप बस." भावजी त्या दोघांकडे बघून हसले. सुचेता गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, देवानं वाट दाखवली.

मार्गशीर्षात बाटल्या उघडल्या. देवाप्पानं घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "हीच," तो म्हणाला. "हीच रे ती." व्यंकोजीरावांनी ग्लास रिकामा करून पुढं केला. ह्यांनीही बोटं चाटल्यासारखा आवाज केला.

"दया, आता तू घे," देवाप्पा म्हणाला.

भावजींनी ग्लास घेतला. सावकाश, पूर्ण संपवला. आम्ही थांबलो.

"थंड आहे," ते म्हणाले. "कडू आहे. तुम्ही म्हणताय तर चांगलीच झाली असणार."

मग त्यांनी सगळ्यांचे ग्लास पुन्हा भरले. त्या संध्याकाळी कुणी लवकर उठलं नाही. पण भावजी मित्रांची तोंडं बघत बसले नाहीत, खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी चक्की, पातेली आणि उरलेलं माल्ट देवाप्पाच्या पुतण्याच्या टेंपोत चढवून दिलं. तो आनेकलला शिकतोय म्हणे, फोन करून विचारत असतो. भावजी त्याला आकडे सांगतात, विहिरीच्या पाण्याला किती काय घालायचं ते. वासाचं त्यानं विचारलं की म्हणतात, "ते तुझं तू बघ."

मित्र अधूनमधून येतात, चहा घेऊन जातात.

जेवायला ते आमच्याकडेच असतात. पूर्वी ते जिन्यातून सांगायचे, आता वाढताना मी सांगते. "आज फोडणीत लसूण आहे. भाकरी जरा करपलीय एका बाजूनं." ते मान हलवतात आणि जेवतात. परवा ह्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "अगं, तो काय आंधळा आहे का, सगळं सांगतेस ते?"

भावजी म्हणाले, "सांगू दे दादा." आणि वरण ओढून घेतलं.